पक्ष शिंदेंकडं गेला, मग सामना ठाकरेंकडंच कसा राहिला?

शिवाजीपेठकर:
आमच्या तालमीत पेपरवरनं रोज कल्ला असतोय. परवाचा मुद्दा असा की फेब्रुवारी २०२३ ला आयोगानं शिवसेना नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिलं, मग सामना ठाकरेंकडं कसा काय? मुखपत्र पक्षाचंच असतंय ना? आणि असल्या पेपरात पैसे कोण घालतंय, संपादक मालकाविरुद्ध एक ओळ तरी लिहू शकतोय का? नीट सांगा कुणीतरी, दंगा नको.

टिकटीवरचा_वाचक:
भावा मुखपत्र म्हणजे पक्षाच्या मालकीचं असं नसतंय. सामना १९८८ ला निघाला, तो ठाकरेंच्या प्रबोधन प्रकाशनचा. आयोग नाव देईल, चिन्ह देईल, प्रकाशनाची मालकी त्याच्या हातातच न्हाई. नॅशनल हेराल्ड पण तसाच, असोसिएटेड जर्नल्स कंपनीचा, काँग्रेसनं तिला ९० कोटींच्या आसपास कर्ज दिलं आणि तेच प्रकरण पुढं कोर्टात गेलं. संपादकाचं म्हणशील तर आधी बाळासाहेब, मग उद्धव, ते मुख्यमंत्री झाल्यावर मार्च २०२० ला रश्मी ठाकरे, ऑगस्ट २०२२ ला परत उद्धव. सगळं एकाच घरात, मग विरोधात कुणी कुणाच्या लिहायचं?

तर्री_जास्त:
पैशाचं मी सांगतो, जाहिरातीच्या धंद्यात हाय. अंकाच्या किमतीत कागद-छपाईसुद्धा सुटत नाही, सगळं जाहिरातीवर. सत्ता असली की सरकारी जाहिराती येतात, गेली की आटतात, मग साहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या काढायच्या आणि कार्यकर्त्यांनी खिशातनं शुभेच्छा छापायच्या. पण खरं सांगू का, मुखपत्राचं मला काय वाटत नाही, घेतानाच कळतंय कुणाचं हाय ते. २००९ च्या विधानसभेला अशोक चव्हाणांचं कौतुक वेगवेगळ्या मोठ्या पेपरात जवळजवळ शब्दाला शब्द तेच आलं, बातमी म्हणून, आणि त्यातला एकपण मुखपत्र नव्हता. पैसे दिल्याचं चव्हाणांनी नाकारलं, ते जाऊ दे, पण वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं?

करवीरी:
कोल्हापुरात बसून शाहू महाराजांचं नाव अजून कुणी काढलं नाही, कमाल हाय! आंबेडकरांचा मूकनायक ३१ जानेवारी १९२० ला निघाला त्याला महाराजांनी अडीच हजार दिले. केसरी तर पैसे घेऊनपण त्याची जाहिरात छापायला तयार नव्हता. आंबेडकर सरकारी कॉलेजात प्रोफेसर म्हणून संपादकाच्या जागी नाव पांडुरंग भटकरांचं. पैसा दरबारचा, लिखाण मात्र बाबासाहेबांचं.

तर्री_जास्त:
मान्य, पण ते पाक्षिक हो. आणि १९२३ ला तेपण बंदच पडलं की. रोजचा पेपर दर महिन्याला पैसा मागतोय, देणारा प्रत्येक वेळी शाहू महाराज कुठनं आणायचा?

टिकटीवरचा_वाचक:
@शिवाजीपेठकर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन कुठल्यापण पेपरचे मार्चच्या सुरुवातीचे जुने अंक काढ, फॉर्म ४ सापडंल कोपऱ्यात बारीक अक्षरात. मालक कोण, एक टक्क्याच्या वर भांडवल कुणाचं, सगळं नावानिशी.

शिवाजीपेठकर:
बघतो. अजून एक, नाव एकाचं आणि अग्रलेख लिहिणारा दुसराच असला तर केस कुणावर पडती?

टिकटीवरचा_वाचक:
ज्याचं नाव छापलंय त्याच्यावर आधी. जुन्या अंकात शेवटच्या पानाच्या तळाला बघ, मार्च २०२४ पर्यंत पीआरबी म्हणजे छापखाने-पुस्तक नोंदणीच्या कायद्यानुसार जबाबदार म्हणून असायचं ते.