जांभी आणि काळी माती : गॅमा किरणांच्या शोषणात फरक कशामुळे?

मृदाभ्यासक :
पदव्युत्तर प्रकल्पासाठी कोकणातील जांभी आणि विदर्भातील काळी माती वाळवून, चाळून, सारख्याच डब्यांत भरून तिच्यातून किती गॅमा किरण पार होतात हे मोजत आहे. सीझियम-१३७च्या ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांसाठी दोन्हींचा वस्तुमान क्षीणन गुणांक (दर ग्रॅम माती किरणांना किती अडवते याचे माप) जवळपास सारखा येतो. अमेरिशियम-२४१च्या ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांना मात्र जांभी माती बरीच जास्त अडवते. घनतेचा परिणाम वजा केल्यावरही हा फरक का उरतो? हेच गुणांक ओल्या गाळाला चालतील का?

किरणमापक :
फरक लोहामुळे आहे. ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला कॉम्प्टन प्रकीर्णन (इलेक्ट्रॉनवर आदळून किरणाची दिशा बदलणे) प्रबळ असते आणि ते इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर ठरते. सिलिकॉन, ऑक्सिजन, ॲल्युमिनियम, लोह या सर्वांत दर ग्रॅममागे ही संख्या जवळपास सारखीच असल्याने कोणत्याही कोरड्या मातीचा गुणांक ०.०७७ चौ. सेंमी. प्रति ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे दर घन सेंमी.ला १.५ ग्रॅम घनतेच्या मातीचा सुमारे ६ सेंमी. थर किरण निम्मे करतो. ६०ला मात्र प्रकाशविद्युत परिणाम (अणूने किरण पूर्ण शोषून घेणे) पुढे येतो आणि तो अणुक्रमांकाबरोबर फार झपाट्याने वाढतो. तिथे शुद्ध क्वार्ट्‌झचा गुणांक ०.२५, तर लोहाचा १.२ आहे, क्वार्ट्‌झच्या वाळूत वजनाने २० टक्के लोह मिसळले, तरी मिश्रणाचा गुणांक ०.४४ होतो. काळ्या मातीतही बेसॉल्टमधून आलेले लोह असतेच, पण जांभ्याइतके नाही.

गाळवाला :
ओल्या गाळाला कोरडे गुणांक जसेच्या तसे लावू नयेत. हायड्रोजनमुळे पाण्यात दर ग्रॅममागे इलेक्ट्रॉन जास्त असतात, त्यामुळे ६६२ला त्याचा गुणांक ०.०८६ भरतो, माती आणि पाणी यांची वजनाच्या प्रमाणात सरासरी काढावी. काळी माती भिजली की फुगते, तेव्हा थराची जाडी आणि घनता पुन्हा मोजणे आलेच. (सीझियम आणि अमेरिशियम एकत्र वापरून घनता व ओलावा दोन्ही काढण्याची पद्धत दोन ऊर्जांमधील याच फरकावर चालते.) पुढेमागे शिसे-२१०वरून गाळाचे वय काढणार असाल, तर त्याचे किरण अवघे ४६.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे असल्याने नमुना स्वतःचेच किरण गिळतो, आणि या शोषणाची दुरुस्ती प्रत्येक नमुन्यासाठी वेगळी करावी लागते.

किरणमापक :
एक राहिले. स्रोत आणि शोधक (किरण मोजणारे उपकरण) या दोहोंपुढे शिशाची अरुंद फट ठेवली आहे ना? नसल्यास प्रकीर्ण किरणही मोजले जातात आणि गुणांक खोटा कमी दिसतो. मातीआधी त्याच डब्यात पाणी भरून ६६२ला ०.०८६ येतो का, ते पाहावे.