माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

सोलापूरकडच्या उघड्या माळांवर झाडं लावली तर पक्षी वाढतील, असं काहींचं म्हणणं आहे. बुलबुल-मैना वाढतील हो, पण माळावरचे जे खास आहेत ते जातील. माळढोक हा गवताळ माळावरचा मोठा पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, घरटं असं नसतंच. त्याला काय नि धाविक या माळावरच्या छोट्या पक्ष्याला काय, लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते. तिथे ग्लिरिसिडिया या बाहेरून आणलेल्या झाडाच्या रांगा उभ्या केल्या की गवत संपलं आणि तो पक्षीही.

सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. कागदावर तब्बल ८ हजार चौरस किलोमीटरच्या वर, गावं-शेतं सगळी आत. जमिनीच्या खरेदी-विक्रीत अडचणी येऊ लागल्या तसा लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे हद्द कमी केली, पण तोवर बोअरच्या पाण्यावर ज्वारी-करडईच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली होती. (कुणी शहाण्या माणसाने तेच केलं असतं, शेतकऱ्याला दोष नाही.)

आता उरलेले बहुतेक माळढोक जैसलमेरकडे, तिथे विजेच्या तारांवर आदळून मरतात. अंगाने जड, त्यात समोरचं नीट दिसत नाही, ऐन वेळी वळणार कसा? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल करून समिती नेमली.

झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात लावा. माळावर मेंढरं चरू देत.