खिशातल्या रेडिओवर लांबची मीडियम वेव्ह स्टेशनं: अँटेना ओढूनही फरक का पडत नाही?

काटाफिरव्या: दोन पेन्सिल सेलवर चालणारा, काट्याचा छोटा रेडिओ आहे. रात्री लांबची स्टेशनं पकडायची आहेत. अँटेना पूर्ण ओढली तरी काडीचा फरक नाही, नुसती खरखर. त्यात जवळचं १४४० किलोहर्ट्‌झचं स्टेशन काटा ५३० पाशी नेला की तिथेही वाजतं. सेट बिघडलाय का?

फेराइट_दांडी: बिघडलेला नाही. ओढायची काठी एफएमसाठी असते. मीडियम वेव्हचा अँटेना म्हणजे आतली फेराइटची (चुंबकीय मिश्रणाची) तार गुंडाळलेली दांडी, बहुधा वरच्या कडेला आडवी. म्हणून काठी नाही, अख्खा सेट फिरवायचा. दांडीची टोकं ज्या दिशेला, तिथलं स्टेशन दबतं. दांडीच्या काटकोनात असलेलं जोरात येतं. आवाज वाढतो तो हळूहळू, दबतो मात्र दोन-चार अंशांत. त्यामुळे लांबचं स्टेशन शोधण्यापेक्षा त्याच्यावर चढलेलं जवळचं आधी दाबा, खालून दुसरं वर येतं. रात्रीचा सिग्नल वरून तिरका येतो, तेव्हा सेट थोडा कलवूनही बघा.

दुपारी प्रयत्न करू नका. आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातला) सर्वांत खालचा डी थर दिवसा या लहरी गिळतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरच्या थरांवरून लहरी परततात.

खरखरीसाठी आधी एलईडी दिवे, चार्जर बंद करा. सेट सेलवरच चालवा.

चारशेपंचावन्न: ५३० वरचं ते भूत आहे. सेट प्रत्येक स्टेशन आधी एका ठरावीक वारंवारतेवर आणतो, तिला आयएफ म्हणतात. अशा सेटची आयएफ साधारण ४५५ किलोहर्ट्‌झ. काटा ५३० वर असताना आतला ऑसिलेटर (सेटमध्येच लहर तयार करणारा भाग) त्याहून ४५५ ने वर, ९८५ वर चालतो, आणि ९८५ अधिक ४५५ म्हणजे १४४०! तेही ऑसिलेटरपासून ४५५ वरच, म्हणून तेही आत शिरतं. स्वस्त सेटच्या पुढच्या ट्यूनिंगला ते अडवता येत नाही. १४४० दबेल असा सेट फिरवा, भूतही दबेल.

गुंडाळीवाला: आणखी ताकद हवी असेल तर ६० सेंमी बाजूची लाकडी चौकट करा. इन्सुलेशनच्या तारेचे १२ वेढे, वेढ्यांत ५ मिमी अंतर. जवळपास २९ मीटर तार लागते, थोडी जास्त घ्या. दोन्ही टोकं ५०० पिकोफॅरडच्या गँगला (फिरवून बदलता येणाऱ्या कपॅसिटरला) जोडा. रेडिओला तार जोडायची नाही, सेट नुसता जवळ ठेवायचा. आधी रेडिओवर स्टेशन लावा, मग गँग फिरवा. एका जागी आवाज एकदम फुगतो.

काटाफिरव्या: केली. पण गँग कितीही फिरवला तरी आवाज फुगत नाही, उलट सेट चौकटीत ठेवला की स्टेशन सरकतं.

गुंडाळीवाला: दांडी चौकटीच्या पातळीत पडली असणार. ती चौकटीला काटकोनात, आरपार रोखलेली हवी. आणि तारेला चिकटवू नका, मोठ्या जोडणीने सेटचं स्वतःचं ट्यूनिंग सरकतं. हातभर लांबून सुरू करून पुढे आणा.