बास्केटबॉल: मोकळी कुणाला सोडायची? आयोवा २०२३ आणि साउथ कॅरोलायना २०२४

बेसलाइन
३१ मार्च २०२३, डॅलस. एनसीएए (अमेरिकन कॉलेज) महिलांच्या उपांत्य सामन्यात आयोवाने ३६ विजय, शून्य पराभव अशा साउथ कॅरोलायनाला ७७-७३ हरवलं. आयोवाच्या केटलिन क्लार्कच्या ४१ गुणांवर बरंच लिहून झालंय, मला डिफेन्सबद्दल विचारायचंय. आयोवाने साउथ कॅरोलायनाच्या रेव्हन जॉन्सनला थ्रीच्या (तीन गुणांच्या) रेषेबाहेर सरळ मोकळी सोडली (क्लार्कने तर हात झटकून तसं दाखवलंही) आणि गर्दी पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत) त्यांच्याच अलिया बॉस्टनभोवती केली. बॉस्टनला ८ च गुण मिळाले. पुढच्या वर्षी क्लीव्हलँडच्या अंतिम सामन्यात मात्र साउथ कॅरोलायना ८७-७५ जिंकली. ही चाल फसते कुठे?

पिव्होट
आधी एक दुरुस्ती. बॉस्टनला पहिल्या क्वार्टरमध्येच दोन फाउल लागले होते, ८ गुणांमागे तेही कारण आहे.

आता चाल. शूटर नसलेल्या खेळाडूची डिफेंडर तिच्यापासून चार-पाच पावलं मागे, एक पाय पेंटमध्ये ठेवून उभी राहते. कॉलेजच्या नियमात डिफेन्सला तीन सेकंदांची मर्यादा नाही, त्यामुळे ती तिथे हवी तेवढी थांबू शकते. डब्ल्यूएनबीएमध्ये (महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये) हेच केलं तर टेक्निकल फाउल. मोकळ्या खेळाडूकडे चेंडू गेला की धावत सुटायचं नाही. दोन पावलं पुढे, हात वर, उडी नाही. धावत गेलात तर ती ड्राइव्ह करते (चेंडू घेऊन बास्केटकडे घुसते) आणि जी हेल्प (पेंटमधली मदत) वाचवून ठेवली होती तीच निघून जाते.

फसण्याची जागा वेगळीच आहे. चांगला कोच त्या मोकळ्या खेळाडूला शूट करायला लावतच नाही, तिला स्क्रीन लावायला (शूटरच्या डिफेंडरची वाट अडवून उभी राहायला) पाठवतो. तिची डिफेंडर पेंटमध्ये असते, म्हणजे स्क्रीनच्या जागी आडवं यायला कुणीच नसतं. शूटर तिच्या हातातून चेंडू घेऊन वळते आणि समोर सहा-सात फूट रिकामं. म्हणून टीमला आधीच सांगून ठेवायचं: मोकळी सोडलेली खेळाडू चेंडूकडे निघाली की तिची डिफेंडरही तिच्यासोबत वर येणार.

सिक्स्थ_वुमन
+१. शिवाय २०२४ ची टीम तीच नव्हती. बॉस्टन गेली होती, आत ६ फूट ७ इंचाची कमिला कार्डोसो होती (१५ गुण, १७ रिबाउंड), आणि बाहेर सोडून द्यावी अशी खेळाडू शोधायला गेलं तर बाकावरून येऊन १९ गुण करणारी टेसा जॉन्सन निघाली. बाकावरच्या खेळाडूंचे गुण ३७-०! माझ्या मते सामना तिथेच फिरला.

क्लार्कने पहिल्या क्वार्टरमध्ये १८ गुण केले, पण सामन्याअखेर ३०. रेव्हन जॉन्सन तिला चिकटून होती. अशा शूटरवर स्क्रीनला मागे सरकून चालत नाही, ती रेषेच्या (२२ फूट १¾ इंच) बरीच मागून मारते. दोघींनी मिळून तिला घेरलं (ट्रॅप) तर पास सुटतो आणि पुढे चारविरुद्ध तीन. स्विच (डिफेंडरनी आपापल्या खेळाडू बदलून घेणं) करायचा तर उंच, चपळ आणि दम असलेल्या गार्ड हव्यात. मोठा बाक कामाला येतो तो इथे. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जाते, त्यामुळे अंगाला अंग लावून बचाव करायला तीन-चार जणी आलटून पालटून लागतात.

बेसलाइन
बाक छोटा असेल तर बॉक्स-अँड-वन? म्हणजे चौघी चौकोनात, एक स्टारला चिकटून.

पिव्होट
पूर्ण सामना नको, समोरच्या टीमची चार-पाच पझेशन (चेंडू ताब्यात असण्याच्या वेळा). स्टार खेळाडू हाफ कोर्टजवळ जाऊन उभी राहते, तुमची डिफेंडर तिच्यासोबत अडकते. उरलेल्या चौघींच्या मधोमध, फ्री थ्रोच्या रेषेवर एक जण येऊन चेंडू घेते आणि बॉक्स फुटतो. तिथे पास गेलाच तर मागच्या दोघींपैकी चेंडूच्या बाजूची वर येणार, दुसरी रिंगखाली, हे आधी ठरलेलं हवं. दोघी वर आल्या की लेअप (रिंगजवळून सोपा बास्केट).

सिक्स्थ_वुमन
टीम फाउलवरही लक्ष ठेवा. क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात आणि नवा क्वार्टर सुरू झाला की मोजणी शून्यावर. चिकटून बचाव करणारी गार्ड क्वार्टरच्या सुरुवातीला लावा. टीमचे चार फाउल झाले की तिला क्लार्कसारख्या शूटरपासून अर्धं पाऊल मागे घ्या, आणि चेंडू हातातून गेल्यावर परत मिळू न देण्यावर जोर द्या. त्यात फाउल कमी जातात.