मदत हवी आहे: केंटकी नक्की कुणाच्या बाजूचं?

मंडळी, लेक आठवीत आहे, इथे लुईव्हिलला. अमेरिकेच्या यादवी युद्धात (गुलामगिरीवरून पेटलेल्या उत्तर विरुद्ध दक्षिण लढाईत) आमचं केंटकी राज्य कुणाच्या बाजूचं होतं, या तिच्या प्रकल्पात मीच अडकलोय. उत्तरेचा अध्यक्ष लिंकन आणि दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, दोघांचाही जन्म केंटकीतला. मे १८६१ मध्ये राज्याने तटस्थ राहायचं ठरवलं. सप्टेंबरात दक्षिणेचं सैन्य कोलंबस गावात घुसलं आणि केंटकी उत्तरेकडे गेलं. इथवर ठीक. पण लिंकनची १८६३ ची गुलामांच्या मुक्तीची घोषणा इथे लागूच नव्हती, गुलामगिरी थेट डिसेंबर १८६५ पर्यंत! कॅम्प नेल्सन या केंटकीतल्या उत्तरेच्या लष्करी छावणीत कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेसाठी भरती झाले, आणि नोव्हेंबर १८६४ च्या कडाक्याच्या थंडीत त्यांच्याच बायकापोरांना छावणीबाहेर काढून झोपड्या पाडल्या. हे वाचून लेक गप्पच झाली. लिंकनने केंटकीला एवढं का सांभाळलं? राज्याच्या उत्तर सीमेवरच्या ओहायो नदीमुळे, की आणखी काही? पोरीला कळेल असं कुणी सांगाल का? सोमवारी द्यायचंय.