नेणीव, अबोध की नुसतंच 'नकळत'?

(टोपणनावांनी चाललेली एक लेखी चर्चा)

खडूची धूळ

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांबरोबर एक फलक करतेय. विषय असा, की आपण काही ठरवलं असं म्हणतो तेव्हा त्यातलं बरंचसं आपल्याला न कळताच होऊन गेलेलं असतं. मजकूर जवळजवळ तयार आहे, एका शब्दावर गाडं अडलंय. जे डोक्यात चालतं पण आपल्याला ठाऊक नसतं, त्याला काय म्हणायचं?

'सुप्त मन' मुलांना चटकन कळतं. पण सुप्त म्हणजे झोपलेलं, आणि मला तर सांगायचंय की हे कधी झोपतच नाही. 'अंतर्मन' हा शब्द 'एकवीस दिवसांत श्रीमंत व्हा'वाल्यांनी पळवलाय. 'अबोध' मानसशास्त्राच्या पुस्तकांत असतो, पण तो फळ्यावर लिहिताच एक मुलगा म्हणाला, "बाई, अबोध म्हणजे तान्हं बाळ ना?" त्याचं तरी काय चुकलं, 'अबोध बालक' आपण म्हणतोच. 'अचेतन' वाचून दगड आठवतो. 'अवचेतन' हिंदीतून येऊन बसलाय, तो मला परका वाटतो. 'नेणीव' आवडतो, पण तो वापरला तर फलकाशेजारी उभं राहून समजावत बसावं लागेल.

शब्द कशासाठी हवाय तेही सांगते. जूनमध्ये आम्ही घर बदललं. जुन्या घरात न्हाणीघराचं बटण दाराच्या डावीकडे होतं, इथे उजवीकडे आहे. दिवसा कधी चूक होत नाही. रात्री दोनला उठलं की हात डावीकडे जातो, गार भिंतीवर वरखाली चाचपतो, आणि मग मला जाग आल्यासारखं कळतं की अरे, इथे बटण नाहीच. हे उदाहरण मी फलकावर घेतलं आणि लिहिलं, "मी हात डावीकडे नेला." एका मुलीने ते खोडून "हात डावीकडे गेला" केलं. तेव्हापासून मला शंका येतेय की माझा प्रश्न नामाचा नाहीच.

पाटीपेन्सिल

आधी नेणीव. जाणणे–जाणीव, तसं नेणणे–नेणीव. 'नेणणे' म्हणजे न जाणणे, नकार क्रियापदातच विरघळलाय. 'नेणता', 'नेणो' ही रूपं संतांच्या वाणीत जागोजागी भेटतात. मात्र तिथलं नेणतेपण म्हणजे अजाणपण, भाबडेपण, देवापुढे तर तो गुणच. मनाच्या खालच्या थराचा अर्थ या शब्दाला मनोविश्लेषक फ्रॉइड आपल्याकडे वाचला जाऊ लागल्यावर चिकटला. जुनं भांडं, नवा पदार्थ. समीक्षेत 'सामूहिक नेणीव' वगैरे रुळलं ते त्यानंतर. शब्द सुंदर आहे, पण समीक्षेचा वास त्याला येतो हे खरं.

माझा खरा आक्षेप नामालाच आहे. नाम दिलं की त्याला हातपाय फुटतात. 'सुप्त मन ठरवतं', 'सुप्त मनाला पटवा', 'सुप्त मन ऐकत नाही'. म्हणजे वरच्या मजल्यावर मी राहतो आणि तळघरात एक बेरकी भाडेकरू! तसं कोणी तिथे नसतं. तुमच्या फलकासाठी 'नकळत' पुरेसा आहे. तो क्रियाविशेषण आहे. कोणी केलं याच्या फंदात पडत नाही, कसं झालं एवढंच सांगतो. शिवाय 'माझ्याही नकळत' म्हणताना त्या 'ही'ची ऐट बघा, जणू इतरांना न कळणं ठीकच, पण मलाही कळू नये म्हणजे काय!

आणि हा अर्थ फ्रॉइडच्या आधीचा आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्त्झने १८६० च्या दशकात म्हटलं होतं की साधं बघणं हेदेखील न कळत काढलेलं अनुमान असतं. डोळ्यात पडतं ते सपाट चित्र, खोली आपण भरतो, आणि भरली हे आपल्याला कळत नाही. त्यात ना दडपलेली वासना, ना बालपणीचा घाव.

माका नको

आमच्याकडे म्हणतत, "हात गेलो, माका कळूकच नाय." झाली तुमची चर्चा.

रात्रपाळी

मी रुग्णालयात ईईजी काढते, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूचे आलेख. म्हणून या विषयात थोडं नाक खुपसते.

फलकावर मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटचा प्रयोग असणारच. सॅन फ्रान्सिस्को, १९८३. माणूस खुर्चीत बसलाय, समोर घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर प्रकाशाचा ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारतोय. त्याला सांगितलंय, वाटेल तेव्हा मनगट हलव, पण हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते लक्षात ठेव. आढळलं असं की हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच मेंदूतला आलेख कलायला लागतो आणि माणसाला 'हलवावंसं' वाटतं ते मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधी. हा कलणारा आलेख १९६५ मध्येच कॉर्नहुबर आणि डीके यांनी जर्मनीत नोंदवला होता. त्याला 'सज्जता विभव' म्हणावं असं सुचेल, पण विभव म्हटलं की बारावीचं फिजिक्स आठवून मुलं पळतील. आम्ही आपसात 'तयारीचा उतार' म्हणतो, कारण कागदावर तो तसाच दिसतो. एका वेळच्या आलेखात मात्र तो डोळ्यांना सापडत नाही, कितीतरी वेळा मनगट हलवून त्यांची सरासरी काढली की मग गाळातून वर येतो. हे मुलांना जरूर सांगा. नाहीतर त्यांना वाटतं, पडद्यावर दिवा लागतो आणि डॉक्टर ओरडतात, "आता हलवणार बघा!"

आता शब्दाकडे येते. सगळीकडे मथळा असतो, "मेंदू तुमच्या आधी ठरवतो". हे वाक्य मला खटकतं.

पाटीपेन्सिल

खटकायलाच हवं. मेंदू आणि तुम्ही असे दोन कर्ते झाले की. परत भाडेकरू आलाच.

रात्रपाळी

भाडेकरू तर आहेच, पण माझी तक्रार 'ठरवतो' या क्रियापदाविषयी आहे. २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी त्या उताराचा दुसरा अर्थ लावला. मेंदूत सतत बारीक चढउतार चालू असतात, कोणताही हेतू नसलेले. 'वाटेल तेव्हा हलव' असं सांगितलेला माणूस उंबरठ्याजवळ घुटमळत असतो आणि असा एखादा चढ त्याला पलीकडे नेतो. हालचालीच्या क्षणापासून मागे मोजत सरासरी काढली, की त्या चढांची बेरीज अशी हळूहळू कलणारी रेघ दिसणारच. म्हणजे ५५० मिलिसेकंद आधी कोणी काही ठरवलेलं नसतं. वाद अजून मिटलेला नाही, पण तेव्हापासून 'मेंदूने आधीच ठरवलं' असं छातीठोक म्हणणं अवघड झालंय.

पाटीपेन्सिल

मग मराठीत याला तयार क्रियापद आहे! ठरणे. ठरवणे आणि ठरणे. ठरवायला कर्ता लागतो. ठरणं घडतं, लग्न ठरतं, भाव ठरतो, सहल ठरते. आणि 'ठरत होतं' म्हटलं की अजून ठरलेलं नाही, पण कल पडू लागलाय, ही मधली अवस्थाही हाती येते. तुमच्या उताराचं याहून नेमकं वर्णन मला सुचत नाही. लिबेटचा मथळा म्हणतो 'मेंदूने ठरवलं'. शुर्गर म्हणतो 'ठरत होतं'.

(२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात 'आमचं ठरलंय' ही घोषणा गाजली ती आठवा. कोणी ठरवलं, कधी, कुठे, सगळं गुलदस्त्यात, नुसतं 'ठरलंय'. त्या वाक्याची ताकद त्यातच होती.)

आता जरा शाळेतलं व्याकरण उकरतो, राहवत नाही म्हणून. हे 'राहवत नाही'च बघा. शक्य क्रियापद. मला बघवत नाही, जेववलं नाही, बोलवेना. इथे 'मी' कर्त्याच्या खुर्चीतून उठून 'मला' होऊन बाजूला बसतो. त्यापुढे भावकर्तृक: मळमळतं, उजाडतं, सांजावतं. इथे खुर्चीच नाही. आणि प्रयोजकात खुर्चीत दुसराच कोणी, तो माझ्याकडून करवतो. मनगटासारख्या साध्या गोष्टीलाही आपल्याकडे हात हलला, मी हलवला, मला हलवावासा वाटला, माझ्याकडून हलवला गेला, एवढे दर्जे आहेत. 'मी' किती आत आणि किती बाहेर, ते क्रियापदाच्या शेपटीतच ठरतं.

रात्रपाळी

गंमत म्हणजे या प्रत्येक शेपटीला एकेक शस्त्रक्रिया सापडते.

मॉन्ट्रियलला पेनफिल्ड हा मेंदूचा सर्जन जागेपणी रुग्णांच्या मेंदूवर विजेचा हलका स्पर्श करत असे. हात उचलला जाई आणि रुग्ण म्हणत, हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. तुमचं प्रयोजक. २००९ मध्ये फ्रान्समध्ये मिशेल देमुर्जे यांच्या गटाने सात रुग्णांवर शस्त्रक्रियेदरम्यान पाहिलं. पार्श्विका खंडाला, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाला, हलका प्रवाह दिला की रुग्णाला हात हलवावासा वाटे. प्रवाह वाढवला की त्याला वाटे, हलवला आपण! स्नायू मात्र ढिम्म. आणि या खंडाच्याही पुढे, हालचालीच्या पट्ट्याजवळ, स्पर्श केला की हात खरोखर हले पण रुग्ण म्हणे, छे, मी नाही हलवला. म्हणजे 'हलवावासा वाटणं', 'हलवला असं वाटणं' आणि नुसतं 'हलणं' मेंदूत एकमेकांपासून सुटे होऊ शकतात. आपल्या प्रत्ययांसारखे.

वकिली डोकं

इतका वेळ गप्प वाचत होतो. आता हरकत घेतो.

ही 'गेला, झालं, ठरलं' भाषा सुंदर असेल, पण ती पळवाटसुद्धा आहे. पोराच्या हातून पेला फुटतो, तो 'मी फोडला' म्हणतो का? 'फुटला' म्हणतो. अपघाताची बातमी वाचा, 'चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने'. ताबा आपणहून सुटला म्हणे, जसा दोरीचा गुंडा सुटतो. चालक फोनवर होता की झोपला होता, ते त्या 'सुटल्याने'खाली झाकलं जातं. उद्या मुलं शिकतील, "बाई, गृहपाठ नकळत राहिला."

आणि लिबेटचं अर्धंच सांगू नका. तो स्वतः म्हणत होता की ऊर्मी नकळत उठत असेल, पण शेवटच्या शंभरेक मिलिसेकंदांत तिला थोपवता येतं. आपल्याकडे त्याला आवरणे म्हणतात. 'स्वतःला आवरलं' यात कर्ता खुर्चीत ठाम बसलाय.

पाटीपेन्सिल

मान्य. पण 'हातून फुटला' यातला 'हातून' सोडू नका. पोरगं 'माझ्या हातून' म्हणतं तेव्हा हात आपला आहे एवढं कबूल करतं. हेतू नाकारतं, संबंध नाकारत नाही. शेजारच्या पोराने फोडला असता तर ते 'माझ्या हातून' म्हणालं नसतं.

माका नको

माझ्या पोराक 'हातून' ह्यो शब्द म्हायतच नाय. तो म्हणता मांजरान फोडलो.

आजोळ

वरची चर्चा वाचून मला 'हातगुण' आठवला. आमची आजी विरजण लावायला दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, "माझ्या हाताला गुण आहे" म्हणायची. हा त्या 'ताब्या'चाच भाऊ ना?

रात्रपाळी

सख्खा भाऊ! मानसशास्त्रज्ञ एलेन लँगरचा १९७५ चा सोडतीचा प्रयोग. एक डॉलरची तिकिटं. काहींनी आपलं तिकीट स्वतः निवडलं, काहींना नुसतं हातात दिलं. मग विचारलं, हे परत विकाल का, कितीला? ज्यांना दिलं होतं त्यांनी सरासरी १.९६ डॉलर मागितले. ज्यांनी निवडलं होतं त्यांनी ८.६७. जिंकण्याची शक्यता दोघांची सारखीच, फक्त आपला हात लागला होता. पुस्तकी भाषेत 'नियंत्रणाचा भ्रम' म्हणतात, पण 'नियंत्रण' म्हटलं की मला शिधापत्रिका आठवते. 'हातगुण वाटणं' कितीतरी बरं. (आजींच्या विरजणाबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. तिथे खरंच गुण असेल.)

खडूची धूळ

सगळ्यांचे आभार, पण अजून एक. फलकावर मेंदूशास्त्रज्ञ गझानिगाचा रुग्ण आहे. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पूल कापलेला. डाव्या अर्ध्याला कोंबडीचा पंजा दाखवला, उजव्याला बर्फ साचलेलं अंगण. समोरच्या चित्रांतून त्याच्या उजव्या हाताने (तो डावा अर्धा चालवतो) कोंबडी निवडली, डाव्याने (तो उजवा अर्धा चालवतो) फावडं. फावडं का, असं विचारलं तर बोलणाऱ्या डाव्या अर्ध्याला बर्फ माहीतच नव्हता. तरी तो क्षणभरही न अडखळता म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की! या प्रकाराला काय म्हणू? मी 'सारवासारव' लिहिलंय.

वकिली डोकं

नको. सारवासारव करणाऱ्याला जमीन कुठे उखडलीय ते ठाऊक असतं. 'मखलाशी'त तर लबाडी आहे. हा माणूस खोटं बोलत नाहीये.

आजोळ

'जुळवाजुळव'? तुकडे आहेत, मधला धागा नाही, तो माणूस आपल्या परीने जुळवतो. त्यात पाप नाही.

खडूची धूळ

जुळवाजुळव पक्की. मुलांसमोर वाचून दाखवलं तर तीच मघाची मुलगी म्हणाली, "बाई, मधल्या सुट्टीत तुम्ही कारण विचारता तेव्हा आम्ही हेच करतो." तिला म्हटलं, तू करतेस ती सारवासारव.

फलकाचं शीर्षक 'हात गेला'. मजकुरात सगळीकडे 'नकळत', 'मेंदू ठरवतो' खोडून 'ठरत जातं', आणि शेवटी वकीलसाहेबांसाठी 'आवरणे' ठळक अक्षरांत. नेणीव मनातून जात नाही, म्हणून खाली कोपऱ्यात एक चौकट केलीय: "यालाच मराठीत एक जुना शब्द आहे. जे नकळत घडतं ते नेणीवेत घडतं."

पाटीपेन्सिल

नेणिवेत. णि ऱ्हस्व. जाणीव–जाणिवेत, तसंच.

खडूची धूळ

हात गेला हो.