आर्लिंग्टन लष्करी दफनभूमी : आईबाबांना काय दाखवावं?

रानजाई:
आईबाबा पुढच्या महिन्यात आमच्याकडे व्हर्जिनियात येताहेत. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. आर्लिंग्टनला जायचंच, हे तिकीट काढायच्या आधीच बजावलंय. आईचे गुडघे दुखतात. जागेचा इतिहास सांगायचा तर सुरुवात कुठून करू?

जुनाखलाशी:
सगळे आधी राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या थडग्यावरच्या ज्योतीकडे धावतात. तुम्ही टेकडीवरच्या आर्लिंग्टन हाउसपासून सुरुवात करा. जनरल रॉबर्ट ली तिथे राहायचे, घर सासऱ्यांचं. 1861 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात ली दक्षिणेकडून लढायला गेले आणि वॉशिंग्टनसमोरची ही टेकडी केंद्राच्या फौजेने ताब्यात घेतली. 13 मे 1864 ला पहिलं दफन झालं, विल्यम क्रिस्टमन या साध्या शिपायाचं. मग केंद्राच्या फौजेची रसद सांभाळणारे क्वार्टरमास्टर जनरल मेग्ज यांनी लीबाईंच्या फुलबागेच्या कडेने अधिकारी पुरायला लावले. ली मंडळींनी पुन्हा इथे संसार थाटू नये म्हणून! ती थडगी चुकवू नका.

रानजाई:
बापरे. म्हणजे घर सरळ बळकावलं?

कागदपत्री:
सरळ नाही, कायद्याच्या आडून. कर थकला होता 92 डॉलर 7 सेंट. लीबाईंनी माणसाकरवी पैसे पाठवले, तर मालकाने स्वतः हजर राहून भरावेत म्हणून ते परत केले. मग लिलाव, आणि बोली लावणारं सरकारच: 26,800 डॉलर. थोरल्या मुलाने दावा लावला, 1882 मध्ये सुप्रीम कोर्टात 5 विरुद्ध 4 ने जिंकला. पण तोवर हजारो थडगी झालेली, घर परत घेऊन करणार काय? दीड लाख डॉलर घेऊन मिटवलं. आपल्याकडची भाऊबंदकी परवडली.

वेळ असला तर सेक्शन 27 मध्येही जा. गुलामगिरीतून सुटलेली माणसं तिथे आहेत, दगडांवर नावाखाली 'सिटिझन' किंवा 'सिव्हिलियन' कोरलेलं.

पायवाट:
आईंसाठी ट्रॅमचं तिकीट काढा, चढ बराच आहे. प्रवेश फुकट, ओळखपत्र जवळ ठेवा. बाबांना अज्ञात सैनिकाच्या स्मारकावरचा पहारा दाखवा: 21 पावलं, 21 सेकंद थांबायचं, पुन्हा 21 पावलं. 1937 पासून रात्रंदिवस चालू. व्हिएतनाम युद्धाची कबर तिथे रिकामीच आहे. 1998 मध्ये डीएनएवरून त्या सैनिकाची ओळख पटली. जवळच कोलंबिया या अवकाशयानाचं स्मारक आहे, त्यावर कल्पना चावलांचं नाव.

रानजाई:
सगळ्यांचे आभार! बाबांना फोनवर 21 पावलांचं सांगितलं, तर म्हणाले, "बूट कसले घालतात ते विचार."

पायवाट:
जाड तळव्याचे, टाचेशी पोलादी पट्टी. टाचा जुळवल्या की खट्‌ आवाज येतो. त्यांना पुढच्या रांगेत उभं करा.